'वांड' हा शेरा झाला, नोंद कुठे आहे?

दिवाळीची सुट्टी संपली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आदिवासी वाड्या निम्म्या ओस पडतात. कातकरी कुटुंबं भट्टीमालकाची उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पोरांना सोबत नेतात. पावसाच्या तोंडावर ती परततात. जूनमध्ये ही मुलं वर्गात बसली की शिक्षकांच्या खोलीत ठरलेली वाक्यं ऐकू येऊ लागतात. "हा वांड आहे." "हिला बसायचंच नसतं." "घरात संस्कार नाहीत, आपण काय करणार?" बुद्धवाड्यातल्या मुलांबद्दलही हीच वाक्यं वापरली जातात, फक्त आवाज जरा खाली येतो.

आम्ही या दोन तालुक्यांत मुलांसोबत काम करतो. आमचं म्हणणं सरळ आहे. प्राथमिक शाळेत एखादं मूल मारामारी करत असेल, वर्गातून पळत असेल, तासन्‌तास गप्प बसत असेल, तर त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी नोंद ठेवा. काय झालं, केव्हा झालं, कुठे झालं, त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे लिहा. त्या नोंदीवरून त्या मुलासाठी मदतीची आखणी करा. आणि हीच नोंद शाळेला आणि समाजालाही जाब विचारण्यासाठी वापरा. आकडे आणि नोंदी हा सरकारी बाबूंचा खेळ आहे असं समजून आपण त्यापासून लांब राहिलो, तर नुकसान आपल्याच लेकरांचं आहे.

शेरा आणि नोंद

"वांड", "मठ्ठ", "उनाड", "आक्रमक" हे शेरे झाले. शेरा मुलाच्या अंगाला चिकटतो, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत त्याच्यासोबत जातो. नवीन शिक्षक येतो तो शेरा ऐकूनच वर्गात पाऊल टाकतो. समाजशास्त्रात हॉवर्ड बेकर यांनी 1963 साली 'आउटसायडर्स' या पुस्तकात हेच मांडलं की विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसतो, समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो विचलित ठरतो. आपल्याला हे समजायला अमेरिकन पुस्तकाची गरज नव्हती म्हणा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींची मुलं जन्मतःच गुन्हेगार ठरवली होती. कायदा 1952 साली गेला, पण पारध्याच्या पोराकडे बघण्याची नजर अजून गेलेली नाही. आणि जातिव्यवस्था म्हणजे तरी काय? माणसाने काही करण्याआधीच त्याच्यावर लिहिलेला शेरा.

नोंद वेगळी असते. "मंगळवारी साडेबाराला मराठीच्या तासाला मोठ्याने वाचायला सांगितल्यावर त्याने शेजारच्याचं पुस्तक फेकलं. शिक्षकांनी त्याला बाहेर उभं केलं." ही नोंद झाली. यात क्रियापद आहे, विशेषण नाही. यात शिक्षकाची कृतीही लिहिली आहे. आणि ही नोंद खोटी असेल तर तपासता येते. शेरा तपासता येत नाही, म्हणूनच तो प्रस्थापितांना सोयीचा वाटतो.

आकडा हे आमचं हत्यार आहे

आपल्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात, "मुलांची नोंद कशाला? ही पाळत झाली." त्यांची भीती आम्हाला मान्य आहे, त्यावर पुढे बोलू. पण आधी एक तारीख आठवू या. 12 मार्च 1927 रोजी बाबासाहेब मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी हिशेब मांडला की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात. लोकसंख्येत कोणता समाज कितव्या क्रमांकावर आहे आणि शिक्षणात कितव्या, हेही त्यांनी समोर ठेवलं. त्यानंतर आठच दिवसांनी, 20 मार्चला, याच आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. महाड आपल्याला पाठ आहे, 82 चा आकडा नाही. पण दोन्हीमागे एकच माणूस आणि एकच रीत आहे: अन्याय मोजून दाखवायचा आणि मग त्याच्यावर पाऊल टाकायचं.

पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचं निवेदन दिलं, तेही आकड्यांच्या पायावर. त्याच काळात अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. त्या समितीचा अहवाल 1930 चा. म्हणजे बुद्धवाडा आणि कातकरीवाडी यांचा प्रश्न एकत्र पाहण्याची शिकवणही शंभर वर्षं जुनी आहे.

आता दुसरी बाजू पाहा. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसणारा, शिपाई नसेल तर पाण्यावाचून राहणारा भीमा. त्याच्याबद्दल त्या वेळच्या एखाद्या मास्तराने 'वर्तन' या रकान्यात काय लिहिलं असतं? "इतर मुलांत मिसळत नाही." "तासाला लक्ष नसते." दोन्ही शेरे वरवर खरे ठरले असते आणि पूर्ण खोटे असते, कारण "आधी काय झालं" हा रकानाच त्या शाळेत नव्हता. आम्ही नोंदीचा आग्रह धरतो तो या रकान्यासाठी.

डेटा आहे, पण तो वरच जातो

महाराष्ट्रातल्या शाळांत माहितीचा दुष्काळ नाही. 2015 पासून 'सरल'वर प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरली जाते. यू-डायस आहे, पोषण आहाराची रोजची संख्या आहे, नियतकालिक चाचण्यांचे गुण आहेत, आधार आहे, आता अपार आयडी आला. शिक्षकाचा निम्मा जीव या रकान्यांत जातो. पण ही सगळी माहिती खालून वर जाते. शाळेतून केंद्राकडे, केंद्रातून तालुक्याला, तिथून पुण्या-मुंबईला. वरून खाली काय येतं? 2017 च्या अखेरीस पट दहाच्या आत आहे म्हणून राज्यातल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय आला. म्हणजे वाडीतल्या पोरांची मोजणी झाली ती त्यांची शाळा काढून घेण्यासाठी.

आमची मागणी उलटी आहे. माहिती ज्या मुलाची, तिचा उपयोग आधी त्याच मुलाला, त्याच शाळेत, त्याच आठवड्यात झाला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलं आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणी द्यायची आणि पालकांना हजेरी व प्रगतीची माहिती द्यायची. कलम 29 भयमुक्त शिक्षणाची भाषा करतं. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. वाचता न येणाऱ्या पोराला चाळीस मुलांसमोर मोठ्याने वाचायला लावून हसू करणं हा मानसिक छळ नाही तर काय आहे?

वहीत काय लिहायचं?

यासाठी पोर्टल नको, टॅब नको. शंभर पानी वही पुरते. ज्या मुलाबद्दल काळजी वाटते, त्याच्यापुरते दोन-तीन आठवडे सहा रकाने भरायचे: दिवस आणि वेळ, जागा, सोबत कोण होतं, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं. प्रसंग दोन ओळींत लिहायचा. विशेषण आलं की खोडायचं. ज्या दिवशी काही बिघडलं नाही तो दिवसही लिहायचा, कारण त्या दिवशी काय वेगळं होतं हे कळणं तितकंच महत्त्वाचं असतं.

तीन आठवड्यांनी वही उघडली की प्रश्न बदलतो. "हा असा का आहे?" याऐवजी "हे केव्हा होतं आणि यातून त्याला काय मिळतं?" असं विचारता येतं. आमच्या दोन तालुक्यांत पुन्हा पुन्हा समोर येणारी कारणं आम्ही सांगतो.

पहिलं, स्थलांतर. मूल वयाने तिसरीत आहे, पण दोन हंगाम भट्टीवर गेल्यामुळे अक्षरओळख दुसरीच्या सुरुवातीलाच थांबलेली आहे. वाचायला सांगितलं की ते शेजाऱ्याला चिमटा काढतं, शिक्षक बाहेर काढतात आणि बाहेर गेलं की वाचनातून सुटका होते. म्हणजे आपण ज्याला शिक्षा समजतो तेच त्याचं बक्षीस ठरतं. इथे छडी निरुपयोगी आहे आणि उपदेशही. मूल जिथे थांबलं तिथून वाचन सुरू करणं, तेही चारचौघांसमोर नव्हे, हाच उपाय आहे. कायद्याच्या कलम 4 मध्ये वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क यासाठीच आहे.

दुसरं, भूक. आई पहाटे फार्महाऊसवर साफसफाईला किंवा खोपोलीच्या कंपनीत कंत्राटी कामाला गेलेली असते. मूल उपाशी येतं, आणि खिचडी दुपारी मिळते. वहीतली भांडणं जेवणाआधीच्या तासात दाटलेली दिसली, तर त्या मुलाला समुपदेशन नको, सकाळी मूठभर चणे-गूळ हवा.

तिसरं, भाषा आणि कान. कातकरी मुलाच्या घरातली बोली आणि पहिलीच्या पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे. "ऐकत नाही" असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्याला कित्येकदा कळलेलं नसतं, तर कधी त्याचा कान वाहत असतो आणि खरंच ऐकू येत नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. वहीतली नोंद त्या डॉक्टरांच्या हातात पडली पाहिजे. ज्याची अडचण अध्ययन अक्षमतेसारखी असेल त्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं संरक्षण आहे, पण नोंदच नसेल तर ते मूल शेवटपर्यंत 'मठ्ठ'च राहतं.

चौथं, आघात. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेल्या काही ठाकर मुलांना परत जायला घर आणि आई-बाप उरले नाहीत. पाऊस जोरात सुरू झाला की असं मूल वर्गातून उठून बाहेर धावलं, तर त्याच्या नावापुढे "शिस्त नाही" लिहिणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणावं?

आणि पाचवं कारण जात. इथे आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाचं उदाहरण देतो. त्याची ओळख आणि शाळा दोन्ही सांगत नाही. चौथीतलं कातकरी पोर, रोज मारामारी. शाळेने पालकांना "दाखला काढून न्या" असं सुचवून झालं होतं. कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे आई-बापाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मुख्याध्यापकांना वहीची कल्पना सांगितली आणि एका तरुण शिक्षिकेने ती मनापासून भरली. वहीत दिसलं की मैदानावर, खेळताना हा मुलगा क्वचितच भांडतो. भांडणं होतात ती पाण्याच्या आणि जेवणाच्या रांगेत. "आधी काय घडलं" या रकान्यात जवळजवळ तेच तेच वाक्य होतं. मोठ्या घरची मुलं त्याला जातीवरून हाक मारून मागे ढकलत होती. मारामारीचा शेरा त्याच्या नावावर होता, ढकलण्याची नोंद कुणाच्याच नावावर नव्हती.

मग आखणी सोपी झाली. रांग बंद झाली, मुलं गोलात बसू लागली आणि वाढणारा फिरू लागला. बाई रोज शाळा भरताना आणि सुटताना त्याच्याशी दोन मिनिटं बोलू लागल्या. जातीवरून हाक मारणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी मुख्याध्यापक स्वतः बोलले. भांडणं कमी झाली आणि दाखल्याची भाषा थांबली. त्याचं वाचन अजून कच्चंच आहे, त्यावर काम चालू आहे. पण तो शाळेत आहे. वही नसती तर तो आज भट्टीवर असता.

अमेरिकेचा धडा, दोन्ही बाजूंनी

अमेरिकेतल्या शाळांत ही पद्धत रुळलेली आहे. वर्तनामागचं कारण शोधून आधाराची आखणी करणं तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात 1997 पासून आहे. आधाराचे तीन थर मानतात: सगळ्या शाळेसाठी समान रीत, काही मुलांसाठी छोट्या गटात मदत, आणि मोजक्या मुलांसाठी स्वतंत्र योजना. आखणी केल्यावर पुन्हा मोजायचं. फरक पडला नाही तर योजना चुकली असं धरायचं आणि ती बदलायची. मूल चुकलं असं धरायचं नाही. हा विचार घेण्यासारखा आहे.

पण त्याच देशातला दुसरा आकडा पाहा. 2017-18 च्या सरकारी पाहणीत कृष्णवर्णीय विद्यार्थी एकूण पटाच्या सुमारे 15 टक्के होते, आणि शाळेतून तात्पुरतं काढून टाकलेल्यांत सुमारे 38 टक्के. पद्धत कितीही शास्त्रीय असो, नोंद करणाऱ्याच्या डोळ्यात वर्णभेद असेल तर तो रकान्यात उतरतो. मात्र हा भेद उघड झाला तोही आकडेवारीमुळेच. शाळांना वर्णानुसार हिशेब द्यावा लागतो म्हणून तो दिसला. आपल्याकडे कुठल्या जातीच्या मुलाला किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं, हा हिशेब कोण मागतं?

आणि जातीचं ओझं काय करतं याचाही पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडं तेच. बदललं होतं ते फक्त आजूबाजूच्या माणसांचं वागणं.

आक्षेप आणि उत्तरं

"शिक्षकांना आधीच कामाचा डोंगर आहे." खरं आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती. म्हणूनच आम्ही नवा फॉर्म मागत नाही, जुने कमी करा म्हणतो. एका वेळी दोन-तीन मुलांपुरती वही, दिवसाची दहा मिनिटं. रोज भांडणं सोडवण्यात जाणारा वेळ यापेक्षा जास्त आहे.

"घरातच संस्कार नसतात." हे वाक्य जातीचा सभ्य पोशाख आहे. बाराशे विटा पाडणाऱ्या बापाला मुलाचा अभ्यास घ्यायला वेळ नसणं हा संस्कारांचा प्रश्न नाही, मजुरीचा प्रश्न आहे. आणि 'संस्कारी' घरातली मुलं रांगेत काय करत होती ते वर सांगितलं आहे.

"नोंदीचाच पुढे शिक्का होईल." हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांचा आहे. त्याचं उत्तर नोंद टाळण्यात नाही, कारण शेरा तर नोंदीशिवायही बसतोच. उत्तर नियमांत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची केली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई केली. पण सरकारला सवलती देण्याचा अधिकारही त्यातच ठेवला आहे. कागदी वही या कायद्यात येत नाही. म्हणून आपले नियम आपणच घालून घ्यावे लागतील.

आमच्या मागण्या

एक, वही शाळेतच राहील. कुठल्याही पोर्टलवर, गुणपत्रकावर, दाखल्यावर वर्तनाची नोंद चढणार नाही. वर्षअखेरीस ती नष्ट होईल. पुढच्या शिक्षकाला फक्त काय उपयोगी पडलं तेवढं सांगितलं जाईल.

दोन, पालकांना वही वाचून दाखवली जाईल, त्यांच्या बोलीत. आईला जे माहीत आहे ते शाळेला माहीत नसतं. संमती म्हणजे कागदावर अंगठा नव्हे.

तीन, "आधी काय घडलं" हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, आणि शिक्षकाची कृतीही लिहिली जाईल.

चार, वर्गाबाहेर काढणं, दाखला न्यायला सुचवणं, शिक्षा करणं, याचा हिशेब मुलांची नावं न घेता, पण सामाजिक गटानुसार शाळा व्यवस्थापन समितीसमोर दर तीन महिन्यांनी मांडला जाईल. या समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात. आपल्या आया-बापांनी तिथे फक्त सही करायला नाही, प्रश्न विचारायला जावं.

पाच, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणि हंगामी वसतिगृहं यांची अंमलबजावणी दिवाळीच्या आधी झाली पाहिजे. पोरं गेल्यावर यादी करून काय उपयोग? यासाठी पंचायत समितीचा शिक्षण विभाग आणि पेणचा आदिवासी विकास प्रकल्प यांनी एकत्र बसावं.

2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलांना नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतली. म्हणजे आता शेऱ्याला परीक्षेचा दात फुटला आहे. चौथीपर्यंत ज्याला 'वांड' म्हणून कोपऱ्यात बसवलं, तो पाचवीत अडेल, आणि अडलेलं पोर भट्टीच्या ट्रकमध्ये बसेल. तेव्हा कागदावर कारण लिहिलं जाईल, "पालक स्थलांतरित".

तथागतांनी दुःख आहे असं सांगून थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे आणि कारण दूर करता येतं, हे सांगितलं. वर्गातल्या भांडणामागेही कारण असतं. ते शोधायची तयारी नसलेल्यांनी मुलांच्या संस्कारांवर बोलू नये.

आपल्या वाडीच्या, आपल्या बुद्धवाड्याच्या शाळेत येत्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि एकच प्रश्न विचारा: आमच्या मुलाला वांड म्हणता, त्याची नोंद दाखवा.

जय भीम!